वाहनाची उंची आणि कायदा : एस.यू.व्ही.च्या सस्पेन्शनचा सामाजिक इतिहास (१९५८ ते २०२५)

१. प्रस्तावना

मोटारगाडीचा इतिहास बहुधा इंजिनाची शक्ती, वेग, इंधन आणि कारखानदारी या अंगांनी लिहिला जातो. गाडीचा तळ आणि रस्ता यांच्यामध्ये राहणाऱ्या काही इंचांच्या पोकळीकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. ही पोकळी किती असावी हा प्रश्न अभियंत्याचा आहे, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात गेल्या सहा-सात दशकांत या प्रश्नाने पोलिसांना, विधिमंडळांना, करवसुली करणाऱ्या यंत्रणेला आणि न्यायालयांनाही गुंतवून ठेवले आहे.

एस.यू.व्ही. या वाहनप्रकाराची ओळखच मुळी उंचीवर आधारलेली आहे. अशा वाहनाचे सस्पेन्शन खाली उतरवणे, म्हणजेच स्प्रिंग, पाटे किंवा हवेच्या फुग्यांत बदल करून गाडीचा सांगाडा जमिनीजवळ आणणे, ही वरवर पाहता हौशी तरुणांची किंवा गॅरेजची बाब वाटते. परंतु या कृतीचा मागोवा घेतल्यास तीन स्वतंत्र कायदेशीर परंपरा समोर येतात. पहिली कॅलिफोर्नियातील असून तिने गाडी खाली उतरवणे हा गुन्हा ठरवला. दुसरी अमेरिकेच्या संघीय इंधनविषयक नियमांची असून तिने उंच गाडीला सवलत दिली. तिसरी भारतातील असून तिने उंचीवर कर बसवला. या तिन्ही परंपरांचा तुलनात्मक आढावा घेणे आणि कायद्याने मोजलेली उंची व माणसाच्या जिवाशी संबंधित असलेली उंची यांत किती तफावत राहिली हे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. उंचीमागील यंत्रशास्त्र

ऐतिहासिक विवेचनापूर्वी तांत्रिक बाजू थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. कोणत्याही वाहनाच्या बाबतीत दोन उंची महत्त्वाच्या असतात. एक म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, अर्थात जमीन आणि वाहनाच्या तळाचा सर्वांत खालचा भाग यांतील अंतर. दुसरी म्हणजे वाहनाच्या गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. पहिली उंची साध्या पट्टीने मोजता येते. दुसरी मोजण्यासाठी प्रयोगशाळा लागते.

वळणावर किंवा अचानक बाजू बदलताना वाहन उलटेल की नाही, हे मुख्यतः दुसऱ्या उंचीवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतरावर अवलंबून असते. चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले असता जो आकडा मिळतो, त्याला स्थिर स्थैर्यगुणांक म्हणतात. सर्वसाधारण मोटारींचा हा गुणांक १.३० ते १.५० च्या दरम्यान, तर एस.यू.व्ही., पिकअप आणि व्हॅन यांचा १.०० ते १.३० च्या दरम्यान आढळतो. उदाहरणार्थ, चाकांमधील अंतर १५० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ६८ सेंटिमीटर असल्यास गुणांक १.१० येतो. हाच गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर खाली आणला तर गुणांक १.१९ होतो. पाच सेंटिमीटर म्हणजे सुमारे दोन इंच. एवढ्याशा फरकाने वाहनाच्या वर्तनात लक्षणीय बदल होऊ शकतो.

याचा अर्थ गाडी खाली उतरवणे नेहमीच हितकारक असते असा नाही. स्प्रिंग कापल्यास ती आखूड होते, तशीच अधिक ताठही होते. चाकाला वर-खाली होण्यासाठी मिळणारी जागा कमी झाल्याने खड्ड्यात सस्पेन्शन रबरी अडथळ्यावर आदळते. चाकांचा कल बदलून टायर एका बाजूने झिजतात. हेडलाइटच्या झोताची दिशा बिघडू शकते. काही रचनांमध्ये सांगाडा जितका खाली येतो त्याहून अधिक वेगाने त्याच्या कलण्याचा काल्पनिक अक्ष खाली सरकतो आणि गाडी वळणावर कमी कलण्याऐवजी अधिक कलते. म्हणून सस्पेन्शन उतरवणे हे काम संपूर्ण रचनेचा विचार करून झाले तरच स्थैर्य वाढते, अन्यथा एक धोका जाऊन दुसरा येतो.

३. खाली उतरवण्याचा गुन्हा : कॅलिफोर्निया, १९५८

गाडी खाली उतरवण्याची परंपरा एस.यू.व्ही.च्या कितीतरी आधीची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन तरुणांच्या हाती जुन्या, स्वस्त मोटारी आल्या. त्या काळी गोऱ्या तरुणांमध्ये गाडी हलकी करून ती वेगाने पळवण्याची हौस होती. पूर्व लॉस एंजेलिसमधील तरुणांनी नेमका उलटा मार्ग धरला. डिकीत वाळूची पोती ठेवून किंवा स्प्रिंगांचे वेढे कापून गाडी खाली आणायची, तिला झळझळीत रंग द्यायचा आणि सायंकाळी व्हिटियर बुलेव्हार्डवरून सावकाश फिरवायची, अशी ही पद्धत होती. ‘खाली आणि हळू’ हे या परंपरेचे ब्रीदच बनले. या गाड्यांना आणि त्या चालवणाऱ्यांनाही ‘लोरायडर’ असे नाव पडले.

कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतील कलम २४००८ हे १९५८ पासून अमलात आले. मूळ रचनेत बदल करून चाकांखेरीज वाहनाचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा खाली आणला असेल, तर असे वाहन रस्त्यावर चालवणे या कलमाने बेकायदेशीर ठरले. या तरतुदीमागे सुरक्षिततेचा विचार नव्हताच असे म्हणता येणार नाही. टायरमधील हवा गेल्यास वाहनाचा तळ रस्त्यावर घासू नये, हा या मापामागील अर्थ स्पष्ट आहे. कायद्याच्या शब्दांत कोणत्याही समाजाचा उल्लेख नव्हता. तथापि खाली उतरवलेली गाडी ज्या वस्तीची ओळख होती, त्या वस्तीतील तरुणांना रस्त्यात थांबवण्याचे एक साधन या कलमामुळे पोलिसांच्या हाती आले.

कायद्याला मिळालेले पहिले उत्तर तांत्रिक होते. रॉन अगिरे या मोटार सजावटकाराने १९५९ च्या सुमारास आपल्या ‘एक्स-सॉनिक’ या कॉर्व्हेट गाडीला विमानांत वापरले जाणारे पेस्को कंपनीचे हायड्रॉलिक पंप आणि झडपा जोडल्या. बटण दाबताच गाडी वर उचलली जाई आणि पुन्हा खाली बसे. पोलिसांची गाडी दिसली की कायद्याच्या मापात उभे राहायचे आणि ती दृष्टिआड झाली की पुन्हा खाली यायचे, अशी ही सोय होती. दंड टाळण्यासाठी निघालेली ही युक्ती पुढे या परंपरेचे मुख्य आकर्षण ठरली. १९५८ मध्ये बाजारात आलेल्या शेव्हरोले इम्पालाची इंग्रजी ‘एक्स’ अक्षराच्या आकाराची चौकट अशा बदलांना सोयीची असल्याने या गाडीला विशेष मान मिळाला.

१९७० च्या दशकात या गाड्यांना राजकीय अर्थही प्राप्त झाला. २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात निघालेल्या चिकानो मोर्चाच्या वेळी याच व्हिटियर बुलेव्हार्डवर ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे स्तंभलेखक रूबेन सालाझार हे शेरीफच्या दलाने झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मृत्युमुखी पडले. ज्या रस्त्यावर गाड्या सावकाश फिरत तो रस्ता अशा रीतीने समाजाच्या स्मृतीचाही रस्ता झाला. १९७७ मध्ये सॅन होजे येथील विद्यार्थ्यांनी ‘लो रायडर’ हे नियतकालिक सुरू केले आणि या हौसेला स्वतःचे व्यासपीठ लाभले. पुढच्या काळात कॅलिफोर्नियातील अनेक शहरांनी एकाच रस्त्यावरून वारंवार सावकाश गाडी फिरवण्यास बंदी घालणारे स्थानिक नियम केले. गाडीच्या उंचीपाठोपाठ तिच्या सावकाश फिरण्यावरही अशी बंधने आली.

याच राज्याने उंच केलेल्या वाहनांनाही पुढे मर्यादा घातली, याची नोंद येथे घेणे न्याय्य ठरेल. परंतु त्या मर्यादा बऱ्याच सैल होत्या. सर्वसाधारण प्रवासी वाहनाची चौकट जमिनीपासून २३ इंचांपर्यंत, तर ४,५०१ ते ७,५०० पौंड क्षमतेच्या अन्य वाहनाची चौकट ३० इंचांपर्यंत ठेवण्याची मुभा होती.

४. पिकअपमार्गे एस.यू.व्ही.पर्यंत

खाली उतरवण्याची ही कला मोटारींपुरती राहिली नाही. १९७० आणि १९८० च्या दशकांत कॅलिफोर्नियात जपानी बनावटीचे छोटे पिकअप मोठ्या संख्येने आले. त्यांची किंमत कमी होती आणि मागच्या बाजूला साधे पाटे होते. ऍक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवला की मागची बाजू तेवढ्याच मापाने खाली येई. काही वाहनांत पुढच्या बाजूस स्प्रिंगऐवजी पिळदार दांडा असे. त्याचा बोल्ट सैल करून पुढची बाजूही उतरवता येई. कामाच्या वाहनाला शौकाच्या वाहनाचे रूप देणारी ‘मिनीट्रक’ परंपरा अशी उभी राहिली.

आरंभीच्या अनेक एस.यू.व्ही. या पिकअपच्याच चौकटीवर बांधलेल्या होत्या. शेव्हरोले एस-१० ब्लेझर, टोयोटा फोररनर आणि नंतरची फोर्ड एक्सप्लोरर ही याची ठळक उदाहरणे होत. त्यामुळे पिकअपवर वापरलेले ठोकळे, आखूड स्प्रिंगा आणि पिळदार दांड्यांचे तंत्र एस.यू.व्ही.ला जवळजवळ जसेच्या तसे लागू पडले. १९९० च्या दशकात शेव्हरोले टाहो आणि सबर्बन यांसारख्या मोठ्या गाड्याही खाली उतरवल्या जाऊ लागल्या. पुढे हवेच्या रबरी फुग्यांचा वापर वाढला आणि चालकाला बसल्या जागी उंची बदलता येऊ लागली. १९५९ मध्ये विमानाच्या पंपांनी साधलेली गोष्ट आता कॉम्प्रेसर आणि हवेच्या टाकीने साधली जाऊ लागली.

ज्या गाड्या हौशी मालक खाली आणत होते, त्या कारखान्यातून उंच का येत होत्या, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. चिखल, बर्फ, डोंगरी वाटा ही कारणे खरी होतीच. मात्र बहुसंख्य एस.यू.व्ही. शहरातील डांबरी रस्त्यांवरच धावत होत्या. या उंचीचे दुसरे कारण कायद्यात दडलेले आहे.

५. उंचीला मिळालेले बक्षीस : ‘लाइट ट्रक’ची व्याख्या

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेच्या काँग्रेसने १९७५ मध्ये ऊर्जा धोरण आणि बचत कायदा संमत केला. या कायद्यान्वये प्रत्येक उत्पादकाच्या वाहनांनी सरासरी किती इंधनक्षमता गाठावी, याची मानके ठरवण्यात आली. प्रवासी मोटारींसाठी हे प्रमाण १९८५ पर्यंत प्रतिगॅलन २७.५ मैल करावयाचे होते. शेतकरी, बांधकाम व्यावसायिक आणि छोटे व्यापारी वापरत असलेल्या हलक्या ट्रकसाठी मात्र वेगळे आणि शिथिल मानक ठेवण्यात आले. १९९६ ते २००४ या काळात ते प्रतिगॅलन २०.७ मैल इतके होते.

साहजिकच एखादे वाहन ‘मोटार’ की ‘हलका ट्रक’ हा प्रश्न उत्पादकाच्या दृष्टीने फार मोलाचा ठरला. संघीय नियमांनुसार डांबरी रस्त्याबाहेर चालण्याच्या क्षमतेवरूनही वाहनाला हलका ट्रक मानता येत असे. त्यासाठी वाहन चारचाकी चालनाचे किंवा ठरावीक वजनाच्या वरचे असावे लागे आणि पाच मापांपैकी किमान चार मापे त्याने पूर्ण करावी लागत. पुढून चढण्याचा कोन किमान २८ अंश, मध्यभागाचा १४ अंश, मागून उतरण्याचा २० अंश, तळाची उंची किमान २० सेंटिमीटर आणि दोन्ही ऍक्सलखालची उंची किमान १८ सेंटिमीटर, अशी ही मापे होती.

या नियमाचा परिणाम उलट दिशेनेही झाला. २००४ मध्ये सुबारू कंपनीने आपल्या आउटबॅक या मोटारीची तळाची उंची वाढवली आणि २००५ च्या मॉडेलला हलक्या ट्रकचा दर्जा मिळवला. डोंगर चढण्याची गरज एकाएकी वाढली नव्हती. मानकाचा आकडा गाठणे मात्र सोपे झाले. अमेरिकेच्या इतिहासात येथे एक विलक्षण विसंगती दिसते. एकाच कालखंडात पूर्व लॉस एंजेलिसमधील मालकाला गाडी काही इंच खाली आणल्याबद्दल दंड होत होता आणि उत्पादकाला गाडी काही इंच वर नेल्याबद्दल सवलत मिळत होती.

६. उंचीची किंमत : एक्सप्लोरर प्रकरण

फोर्ड एक्सप्लोरर १९९० मध्ये बाजारात आली आणि त्या दशकात अमेरिकेतील सर्वाधिक खपाची एस.यू.व्ही. ठरली. न्यायालयीन दाव्यांतून पुढे उघड झालेल्या कागदपत्रांनुसार विक्रीपूर्व चाचण्यांच्या वेळी वाहनाच्या स्थैर्याविषयी कंपनीच्या अभियंत्यांनी चिंता व्यक्त केली होती. स्थैर्य सुधारण्यासाठी चार पर्याय चर्चेत होते. सांगाडा दोन इंचांनी रुंद करणे, इंजिन खाली बसवणे, टायरमधील हवेचा दाब कमी करणे आणि स्प्रिंग अधिक ताठ करणे. यांपैकी पहिल्या दोन पर्यायांसाठी रचनाच बदलावी लागली असती आणि वेळ गेला असता. ते त्या वेळी स्वीकारले गेले नाहीत. टायरमधील हवेचा शिफारस केलेला दाब २६ पी.एस.आय. इतका ठेवण्यात आला.

कमी हवेच्या टायरची बाजू अधिक लवते आणि टायर अधिक तापतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विशेषतः उष्ण प्रदेशांत फायरस्टोन टायरचा वरचा थर सुटण्याच्या आणि वाहन उलटण्याच्या घटना पुढे आल्या. ९ ऑगस्ट २००० रोजी सुमारे ६५ लाख टायर परत मागवण्याची घोषणा झाली. टायरच्या बिघाडाशी जोडलेल्या अपघातांतील मृत्यूंची अमेरिकेतील नोंद २७१ पर्यंत पोहोचली. यांतील बहुसंख्य घटना एक्सप्लोररशी संबंधित होत्या. वाहन कंपनीने टायरकडे आणि टायर कंपनीने वाहनाच्या रचनेकडे बोट दाखवले. टायरमधील दोष तपासात स्पष्ट झाला. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने फेब्रुवारी २००२ मध्ये एक्सप्लोररच्या रचनेची स्वतंत्र औपचारिक चौकशी करण्याची टायर कंपनीची मागणी फेटाळली.

दोष कोणाचा या वादापलीकडे या प्रकरणाचे ऐतिहासिक महत्त्व आहे. टायर फुटणे ही मोटारीच्या बाबतीतही घडणारी घटना होय. परंतु उंच गुरुत्वमध्याच्या वाहनात ती उलटण्यास कारणीभूत होण्याची शक्यता अधिक असते. जे वाहन जमिनीपासून उंच असावे यासाठी नियमांत मापे होती, त्याचा गुरुत्वमध्य किती उंच असावा यासाठी कोणतेही बंधनकारक माप नव्हते. १ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेत नवा वाहन सुरक्षा कायदा अमलात आला. २००१ च्या मॉडेलपासून प्रशासनाने स्थिर स्थैर्यगुणांकावर आधारित उलटण्याच्या धोक्याचे मानांकन ग्राहकांसमोर ठेवण्यास सुरुवात केली. तेही बंधन नव्हते, केवळ माहिती होती.

७. कारखान्यातून झालेला उतार

यानंतरच्या काळात उत्पादकांनी स्वतःच एस.यू.व्ही. खाली आणण्यास आरंभ केला. २००२ च्या मॉडेलची एक्सप्लोरर चाकांच्या अंतराच्या बाबतीत सुमारे अडीच इंचांनी रुंद झाली. तिच्या मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले. चाके फिरवणारे दांडे चौकटीला पाडलेल्या भोकांतून नेल्याने तिचा तळ खाली ठेवता आला. टोयोटा राव-४ (१९९४) सारख्या मोटारीच्या धर्तीवर बांधलेल्या गाड्यांनी ट्रकच्या चौकटीला पर्याय दिलाच होता. रेंज रोव्हरने १९९२ मध्येच हवेचे इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन आणले होते. उभ्या गाडीत बसता-उतरताना ती खाली येई, महामार्गावर वेग वाढला की थोडी उतरे आणि कच्च्या वाटेवर वर जाई. लोरायडरांच्या बटणाला मिळालेली ही कारखानदारीची प्रतिष्ठा म्हणता येईल.

उंचीचा धोका केवळ आत बसलेल्यांना नव्हता. उंच गाडीची चौकट छोट्या गाडीच्या बंपरच्या वरून जाऊन आदळे. डिसेंबर २००३ मध्ये उत्पादकांनी स्वेच्छेने करार करून पुढची मुख्य चौकट छोट्या गाडीच्या बंपरच्या पट्ट्याशी जुळवण्याचे, अथवा तिच्याखाली दुय्यम आडवा भाग देण्याचे मान्य केले. त्यासाठी सप्टेंबर २००९ ही मुदत होती. वाहन घसरताना चाके स्वतंत्रपणे रोखणारी इलेक्ट्रॉनिक स्थैर्यप्रणाली २०१२ च्या मॉडेलपर्यंत सर्व हलक्या वाहनांना सक्तीची झाली आणि उलटण्याचे प्रमाण कमी होण्यास मदत झाली. पादचाऱ्यांचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या २०२३ मधील अभ्यासानुसार ४० इंचांपेक्षा उंच बॉनेटची वाहने ही ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या वाहनांच्या तुलनेत पादचाऱ्याच्या मृत्यूस सुमारे ४५ टक्के अधिक कारणीभूत ठरण्याची शक्यता आढळली. सस्पेन्शन उतरवून हा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही, कारण येथे बॉनेटचा आकारही तितकाच महत्त्वाचा आहे.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील जुने वर्तुळ पूर्ण झाले. सॅक्रामेंटो आणि सॅन होजे या शहरांनी २०२२ मध्ये सावकाश फिरण्यावरील आपली बंदी उठवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी स्वाक्षरी केलेल्या विधेयकाने कलम २४००८ रद्द केले आणि अशा स्थानिक बंदीचा आधारही काढून घेतला. हा बदल १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. तोपर्यंत न्यू मेक्सिकोतील चिमायो येथील एक लोरायडर गाडी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात दाखल होऊन अनेक वर्षे लोटली होती. संग्रहालयाने वारसा मानलेली रचना कॅलिफोर्नियाच्या रस्त्यावर मात्र २०२३ अखेरपर्यंत गुन्हा होती.

८. भारतातील १७० मिलिमीटर

भारतात उंचीचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. येथील खड्डे, पावसाळ्यात तुंबणारे पाणी आणि गतिरोधक यांमुळे उंच गाडीला व्यावहारिक आधार आहे. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा. असा पसरट गतिरोधक खाली असलेल्या गाडीलाही सहसा अडत नाही. परंतु गावोगावी दिसणारे अरुंद आणि टोकदार गतिरोधक या मापात बसत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

२८ फेब्रुवारी २०१३ रोजी सादर झालेल्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी एस.यू.व्ही.वरील उत्पादन शुल्क २७ वरून ३० टक्के केले. या गाड्या रस्त्यावर आणि वाहनतळावर अधिक जागा व्यापतात, असे कारण देण्यात आले. व्याख्येत लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा अधिक, इंजिन १,५०० सी.सी.पेक्षा मोठे आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, असे तीन निकष होते. वास्तविक जागा व्यापण्याचा संबंध लांबी-रुंदीशी आहे. गाडीच्या तळाखालची पोकळी वाहनतळावर अधिक जागा घेत नाही.

याचा परिणाम महाराष्ट्रातच दिसून आला. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्रा एक्स.यू.व्ही. ५०० या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनीने २०१३ मध्येच २०० वरून १६० मिलिमीटरवर आणला. गाडी वाढीव शुल्काच्या कक्षेबाहेर गेली आणि तिच्या किमतीत कपात झाली. गाडीची लांबी तेवढीच होती, इंजिनही तेच होते आणि वाहनतळावरील जागाही तेवढीच लागत होती. अमेरिकेत सुबारूने ज्या कारणासाठी गाडी वर नेली, नेमक्या त्याच प्रकारच्या कारणासाठी चाकणमध्ये गाडी खाली आली. फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात हे शुल्क २४ टक्के करण्यात आले.

वस्तू आणि सेवा कराच्या काळातही १७० मिलिमीटरचा निकष टिकून राहिला. सप्टेंबर २०१७ मध्ये उपकर वाढल्यावर मोठ्या मोटारींवर एकूण ४८, तर एस.यू.व्ही.वर ५० टक्के भार पडू लागला. जुलै २०२३ मध्ये परिषदेने ही उंची रिकाम्या गाडीची मोजावी असे स्पष्ट केले, कारण माणसे आणि सामान भरल्यावर स्प्रिंग दबून गाडी आपोआप निकषाखाली येऊ शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन मोठ्या मोटारी आणि एस.यू.व्ही. दोन्ही ४० टक्के दराखाली आल्या. मोठ्या मोटारींच्या बाबतीत या काही मिलिमीटरांचे करविषयक महत्त्व अशा रीतीने संपुष्टात आले.

मालकाने स्वतः गाडी खाली उतरवण्याचा प्रश्न मात्र भारतात वेगळा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेपासून बदलतील असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निर्णयात या तरतुदीचा कठोर अर्थ कायम केला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा आहे. उत्पादकाने केलेला बदल चाचणी आणि प्रमाणपत्राच्या मार्गाने जातो, गॅरेजमधील बदलाला तसा मार्ग सहजी उपलब्ध नाही. हा भेद सुरक्षिततेच्या दृष्टीने समर्थनीय आहे. तथापि एकच कृती एका हातून झाली तर करनियोजन आणि दुसऱ्या हातून झाली तर अपराध ठरते, ही वस्तुस्थितीही नजरेआड करता येत नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, वाहनाची उंची ही केवळ अभियांत्रिकी बाब नसून ती कायदा, कर आणि सामाजिक दर्जा यांच्या परस्परसंबंधातून घडत आली आहे. दुसरा, कॅलिफोर्नियाने रिमची कडा, अमेरिकेच्या संघीय नियमांनी २० सेंटिमीटर आणि भारताने १७० मिलिमीटर अशी जी मापे निवडली, ती सर्व पट्टीने मोजता येण्यासारखी होती. उलटण्याच्या धोक्याशी निगडित असलेला गुरुत्वमध्य आणि चाकांमधील अंतर यांचे प्रमाण २००१ पर्यंत अमेरिकन ग्राहकासमोरही अधिकृतपणे आले नव्हते. तिसरा, जेथे माप आणि हेतू यांची फारकत झाली, तेथे मालकांनी आणि उत्पादकांनी हेतूऐवजी मापाचे पालन केले. अगिरे यांचे पंप, आउटबॅकची वाढलेली उंची आणि चाकणमध्ये कमी झालेले ४० मिलिमीटर ही एकाच प्रवृत्तीची तीन रूपे होत.

या तिघांच्या वाट्याला आलेले परिणाम मात्र सारखे नव्हते. उत्पादकांना सवलत मिळाली, मालकांना दंड झाला आणि उंचीच्या धोक्याची किंमत रस्त्यावरच्या माणसांनी मोजली. म्हणून वाहनाच्या उंचीविषयी यापुढे जे नियम होतील, त्यांनी आधी हेतू निश्चित करावा आणि मग त्या हेतूशी जुळणारे माप निवडावे. जागा वाचवायची असेल तर लांबी-रुंदी मोजावी, उलटणे टाळायचे असेल तर स्थैर्यगुणांक तपासावा आणि पादचाऱ्याचा जीव वाचवायचा असेल तर बॉनेटच्या उंचीवर मर्यादा घालावी. केवळ गाडी आणि जमीन यांतील पोकळी मोजून यांपैकी एकही उद्दिष्ट साध्य होत नाही, हेच १९५८ पासूनचा हा इतिहास दाखवून देतो.